उचलून काढता येणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हटलं की लोक लगेच कीव करायला लागतात, तर तसं काही करू नका. माझं लाकूड अजून ठणठणीत आहे. खालची एक फळी चिरली आहे, कडी जराशी सैल झाली आहे आणि थंडीच्या दिवसांत मी कुरकुरतो, एवढंच. या वयात थोडं कुरकुरलं तर कोणी मनावर घेऊ नये.

मी ज्या लाकडाचा झालो ते लाकूड आधी एका गोदामाच्या छताला होतं. गोदाम पाडलं आणि तुळया उन्हापावसात पडून राहिल्या. भंगारवाला त्या सरपणाला विकणार होता, तेवढ्यात आमचे मिस्तरी तिथून चालले होते. मिस्तरी म्हणजे आमच्या गल्लीतले सुतार. त्यांना सगळे मिस्तरीच म्हणायचे, अगदी त्यांची बायकोसुद्धा. त्यांनी नखानं लाकूड खरवडलं, वास घेतला आणि तुळया हातगाडीवर घालून घरी आणल्या.

बायको उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभीच होती. त्या घराला तेव्हा दरवाजा म्हणून एक गंजका पत्रा लावलेला होता.

"गावभर दरवाजे करून देता आणि आपल्या घराला पत्रा," ती म्हणाली. "आता याचं तरी आपलं दार होणार आहे, की हेही कोणाचं कपाट?"

मिस्तरी हसले. ते बोलायचे कमी, हसायचे त्याहून कमी, पण त्या दिवशी हसले आणि मग मी जन्माला आलो.

माझ्या बिजागऱ्यांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मिस्तरींच्या हातून पूर्वी एक गंमत झाली होती. त्यांनी घरातल्या घरात एक भलंमोठं कपाट बनवलं. घासलं, रंगवलं, चकाचक केलं, आणि मग ते दारातून बाहेरच निघेना. माप घेताना गिऱ्हाइकाच्या भिंतीचं घेतलं, स्वतःच्या दाराचं घ्यायचं राहिलं. सगळी गल्ली जमली. शेवटी चौकटीचे स्क्रू काढता काढता संध्याकाळ झाली. तेव्हापासून मिस्तरींनी कानाला खडा लावला. माझ्या चौकटीला त्यांनी दोन उभ्या खुंट्या ठोकल्या आणि मला त्यांच्यावर नुसतं बसवलं. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून वर उचललं की मी अलगद निघून हातात यायचो. स्क्रू नको, पेचकस नको.

समोरचा इस्त्रीवाला भारी तोंडाळ. तो म्हणायचा, "मिस्तरी, हा दरवाजा आहे की टोपी? मनात आलं की काढली, मनात आलं की घातली. चोराला तरी जरा कष्ट पडू द्या."

"चोरानं न्यायला आत आहे काय?" मिस्तरीणबाई आतून उत्तर द्यायच्या.

मिस्तरीणबाई वेताच्या खुर्च्या विणायच्या. मिस्तरी मागच्या कारखान्यात खुर्चीचा सांगाडा करायचे आणि बाई पुढच्या पायरीवर बसून त्यात वेत भरायच्या. पाठ टेकायला मी होतोच. त्यांची पाठ मला इतकी ओळखीची झाली होती की आज त्यांचं काम नीट चाललंय की वेत तुटतोय, हे मला पाठीवरूनच कळायचं. बोलायच्या तर अखंड. भाजीवाला, पोस्टमन, रस्ता चुकलेला कोणी, सगळ्यांशी. आमच्या गल्लीला एकच नळ होता आणि तिथे भांडणं काही कमी व्हायची नाहीत, पण एक रीत सगळे पाळायचे: परका माणूस आला तर पाणी आधी त्याला, मग रांग. ही रीत कोणी सुरू केली ठाऊक नाही, पण ती मोडली की मिस्तरीणबाई ज्या काही बोलायच्या, ते ऐकून पुन्हा कोणी मोडायचं नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती माझ्या कडीला लोंबकळायची. मोठी झाल्यावर चिडली की मला धाडकन आपटायची. टेलिफोन ऑफिसात नोकरीला लागली तेव्हा आपटणं थांबलं, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं. त्या काळात माझी चैन होती. वर्षातून एकदा तेलपाणी, दोन वर्षांनी रंग. येणारा-जाणारा माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, काय लाकूड आहे. मी तेव्हा जरा फुगलोही होतो.

आमचं घर गल्लीच्या आतल्या टोकाला. त्यामुळे मी समोर बघितलं की सगळी गल्ली दिसायची आणि तिच्या तोंडावर आकाशाचा एक तुकडा. शहराबाहेर विमानतळ होता. मोठी विमानं त्या तुकड्यातून खाली उतरत जायची, आणि अधूनमधून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं भुणभुणत फिरायची. सुरुवातीला माणसं वर बघायची. मग सवय झाली आणि कोणी मान वर करेना.

त्या दिवशी सकाळपासून ढग फार खाली आले होते. मिस्तरीणबाई पायरीवर विणत बसल्या होत्या. मिस्तरी मागे रंधा मारत होते, मुलगी कामावर गेली होती. मोठं विमान ढगातून बाहेर आलं. त्याच ढगाच्या दुसऱ्या बाजूनं छोटं विमान बाहेर आलं. मित्रांनो, त्या दोघांना एकमेकांकडे बघायलाही वेळ मिळाला नाही. मला दोन्ही दिसली. मला दिसून काय उपयोग? दरवाज्याला ओरडता येत नाही.

दोन्ही हवेतच एकमेकांवर आदळली तेव्हा झाला तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. मोठं विमान बाजाराच्या पलीकडे जाऊन पडलं. त्यात बसलेली माणसं, आणि जिथं पडलं तिथली माणसं, यांच्याबद्दल मला फक्त ऐकून माहीत आहे. ती सगळी आपापल्या कामाला निघालेली साधी माणसं होती. मोठ्या विमानाचा एक पंख तुटून आमच्या गल्लीच्या तोंडावर आडवा कोसळला आणि पेटला. पडता पडता त्यानं शेजारच्या घराचा सज्जा खाली आणला. सज्जा मिस्तरीणबाईंच्या अंगावर पडला.

आणि मग वरून एक माणूस आला. छोट्या विमानातला. त्याची हवाई छत्री अर्धीच उघडली होती. तो इस्त्रीवाल्याच्या पत्र्यावर आदळला आणि तिथून घसरत गल्लीत पडला. कोवळा पोरगा होता, ओठांवर मिसरूड नुकतंच फुटलेलं.

मिस्तरी धावत आले. त्यांनी आणि इस्त्रीवाल्यानं मिळून बाईंवरचा ढिगारा बाजूला केला. बाई शुद्धीवर होत्या. पाय वेडावाकडा झाला होता, पण रक्त फार दिसत नव्हतं. पंख पेटल्यामुळे ॲम्ब्युलन्स गल्लीत येऊ शकत नव्हती. तिचा भोंगा पलीकडून नुसता ऐकू येत होता. जखमींना मागच्या बोळातून उचलूनच न्यायला लागणार होतं. गल्लीतले बाकी दरवाजे स्क्रूनं घट्ट बसवलेले. इस्त्रीवाला घरातून चादरी आणायला पळाला.

"मिस्तरी, दरवाजा काढा," बाईच म्हणाल्या.

मिस्तरी बाईंना उचलायला वाकले. त्यांनी नवऱ्याचा हात बाजूला सारला.

"मला नाही. आधी त्याला न्या."

"वेडी आहेस का? आधी तुला नेतो."

"माझा पाय मोडलाय, जीव शाबूत आहे. तो बघा कसा श्वास घेतोय. परका पोरगा आहे, त्याचं इथं कोण आहे? मला तुम्ही आहात. त्याला पोचवा आणि मग मला न्या. जन्मभर माझं ऐकलंत, आता काय फाटे फोडताय?"

हे फक्त मिस्तरींनी ऐकलं आणि मी ऐकलं. इस्त्रीवाला चादरी घेऊन परत आला तोवर मिस्तरींच्या मनाशी ठरलं होतं. दोघांनी मला खुंट्यांवरून उचललं, त्या पोराला माझ्यावर निजवलं आणि मागच्या बोळातून निघाले.

त्याचं वजन मला अजून आठवतं. फार नव्हतं. बोळात एके ठिकाणी वळताना मी भिंतीला घासलो आणि माझी फळी तिथंच चिरली. त्या धक्क्यानं पोरानं डोळे उघडले. त्यानं मिस्तरींची बाही धरली.

"काका, खाली कोणाला लागलं का?"

मिस्तरी चालत राहिले. इस्त्रीवाल्यानं मान दुसरीकडे फिरवली.

"नाही रे," मिस्तरी म्हणाले. "कोणालाच नाही. सगळे ठीक आहेत. तू शांत पड."

"बरं झालं," तो म्हणाला.

बोळ संपेपर्यंत त्याच्या छातीची हालचाल माझ्या लाकडाला लागत होती. मग लागेनाशी झाली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला उतरवून घेतलं तेव्हा त्यांनी मिस्तरींकडे बघून नुसती मान हलवली.

दोघं मला घेऊन पळत परत आले. मिस्तरीणबाई तशाच माझ्या रिकाम्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. मिस्तरींना वाटलं दमली असेल. पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी नेलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मिस्तरींनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या उत्तरानं मिस्तरी जितके खचले, तितके 'हो' म्हटल्यानंही खचले नसते.

दोन-चार दिवसांत वर्तमानपत्रात आलं की चूक छोट्या विमानाची होती. चौकशी अजून व्हायची होती, पण लोकांना कोणावर तरी राग काढायचा होता आणि आता त्यांना नाव मिळालं. नळावर तोच विषय. त्या शिकाऊ पोरानं आपली माणसं मारली, असं जो तो म्हणू लागला. मिस्तरी घागर भरून घरी यायचे.

मुलीनं एकदाच विचारलं. जेवणाचं ताट पुढे होतं, दोघांनीही हात लावला नव्हता.

"बाबा, आई समोर पडली असताना तुम्ही त्याला आधी का नेलंत?"

मिस्तरी ताटाकडे बघत राहिले.

"काहीतरी बोला."

ते उठून कारखान्यात गेले. त्यानंतर बाप-लेकीत 'पाणी तापलंय' आणि 'आज उशीर होईल' याच्यापुढे बोलणं जाईना. मला इतकं वाईट वाटायचं की काय सांगू. बाई काय म्हणाल्या ते मला माहीत होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर घर वाचलं असतं. मी मनातल्या मनात मिस्तरींना म्हणायचो, अहो सांगा ना, तोंडात काय मिठाची गुळणी धरून बसलाय? पण ते बसले होते खरे.

माझीही दशा झाली. मिस्तरींनी मला धुऊन पुन्हा खुंट्यांवर बसवलं आणि त्यानंतर हात लावला नाही. ते मागच्या बोळातूनच जायचे-यायचे, मुलगीही तसंच करू लागली. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. रंगाचे पोपडे सुटले. चिरलेल्या फळीत धूळ बसली. ज्यांनी मला घडवलं ते माझ्याकडे बघेनात, याचं दुःख काय असतं ते तुम्हाला कसं सांगू?

असे कितीतरी महिने गेले. मग एका दुपारी गल्लीत एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, हातात कापडी पिशवी, चप्पल झिजलेली. त्या प्रत्येक घराशी थांबत होत्या आणि प्रत्येक दरवाजा नीट न्याहाळत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं, कारण त्या प्रत्येक ठिकाणी तेच बोलत होत्या.

"माझा मुलगा इथं पडला होता. दवाखान्यात सांगितलं की त्याला कोणीतरी दरवाजावर घालून आणलं. कोणी आणलं, एवढंच मला विचारायचंय."

एकेक दरवाजा बंद होत गेला. कोणी 'माहीत नाही' म्हणालं, कोणी काहीच म्हणालं नाही. एका घरातून आवाज आला, "आमच्या माणसांचं काय ते आधी विचारा." त्या बाई मान खाली घालून पुढे झाल्या. मी माझ्या भाईबंदांना दोष देत नाही, मित्रांनो. दरवाजा स्वतः बंद होत नाही, त्याला कोणीतरी लोटतं. आणि लोटणाऱ्यांनीही घरची माणसं गमावली होती.

आमचं घर शेवटचं. त्यांनी माझी कडी वाजवली. त्या दिवशी मुलीला सुट्टी होती. तिनं मला ओढून थोडंसं उघडलं. मी कुरकुरलो. बाईंनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मुलीचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला.

"चुकीच्या घरी आलात," ती म्हणाली आणि मला लावून घेतलं.

पण ती आत गेली नाही. पाठ माझ्यावर टेकून तिथंच उभी राहिली. बाहेर त्या बाई पुढे जायला गल्लीच उरली नाही म्हणून पायरीवर बसल्या. आता एकीकडे ही, एकीकडे ती, आणि मधे मी.

इस्त्रीवाल्यानं हे सगळं आपल्या टपरीतून पाहिलं. इस्त्री बाजूला ठेवून तो मागच्या बोळानं कारखान्यात गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं मिस्तरी वळसा घालून पुढच्या बाजूला आले. अंगावर भुसा तसाच. किती दिवसांनी ते माझ्यासमोर उभे राहिले होते. ते पायरीवर बसले, बाईंपासून जरा अंतर ठेवून.

"मी आणलं तुमच्या मुलाला," ते म्हणाले.

बाईंनी पिशवी छातीशी धरली.

"तो... काही बोलला का?"

"बोलला. खाली कोणाला लागलं का, असं विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, कोणालाच नाही. तो म्हणाला, बरं झालं. मग शांत झाला. फार त्रास झाला नाही त्याला, मी बरोबर होतो."

बाई रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"सगळे सांगतात, त्याची चूक होती. मला विमानातलं काही कळत नाही. तो मुद्दाम कोणाचं वाईट करणारा नव्हता, एवढं मला कळतं." मग त्यांनी हळूच विचारलं, "कोणाला लागलं होतं?"

"माझ्या बायकोला. इथंच, या पायरीवर."

त्या चटका बसल्यासारख्या उठल्या. "मला ठाऊक नव्हतं. मी इथं बसायला नको होतं. जाते मी."

"बसा बाई," मिस्तरी म्हणाले. "तुमच्या मुलाला मी माझ्या मनानं नेलं नाही. मी हिलाच उचलत होतो. हीच म्हणाली, आधी त्याला न्या, परका आहे, त्याचं इथं कोण आहे. मी नाही म्हणत होतो. ऐकेचना. तिच्यापुढे माझं कधी चाललंय? मी तिचं ऐकलं. बरोबर केलं की चुकलं, ते मला आजही कळत नाही. रोज रंधा मारताना तोच विचार डोक्यात असतो."

माझ्या आतल्या बाजूला मुलीची पाठ घसरत खाली गेली. ती जमिनीवर बसली होती. तिचे हुंदके माझ्या फळ्यांना कळत होते, बाहेर कोणाला कळत नव्हते. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मनापासून म्हटलं, की आत्ता मला कोणी आपटून उघडलं तरी चालेल.

ती उठली. गंजलेल्या बिजागऱ्या सहज वळेनात. तिनं दोन्ही हातांनी ओढून मला सताड उघडलं. मिस्तरींनी मागं वळून पाहिलं आणि चूक करताना सापडलेल्या माणसासारखे उभे राहिले.

"बाबा, हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू तिच्यावर रागावली असतीस," मिस्तरी म्हणाले. "ती आता नाही, तिच्यावर कशाला? माझ्यावर रागावलेली बरी. मी आहे अजून."

मुलीनं बापाच्या अंगावरचा भुसा झाडला. झाडून झाला तरी झाडतच राहिली. मग ती त्या बाईंकडे वळली.

"आत या," ती म्हणाली. "हाच तो दरवाजा."

बाईंनी माझ्यावर हात ठेवला. चिरलेल्या फळीवरून, धुळीवरून, पोपड्यांवरून तो हात सावकाश फिरला. त्यांच्या मुलाचं डोकं जिथं होतं तिथं येऊन थांबला. आता त्यांना ते कसं कळलं, मला विचारू नका.

पुढे खूप उशिरा चौकशीचा निकाल आला. ढग होते, जमिनीवरून दिलेल्या सूचनांत गोंधळ झाला होता, कोणा एकाला दोष देता येत नाही, असं काहीसं त्यात होतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून आलं. फार कोणी वाचलं नाही. आमच्या घरात त्याची कोणी वाटही बघितली नव्हती.

मित्रांनो, दरवाज्यांना वेळच्या वेळी तेल घाला, रंग लावा, चीर पडली तर बुजवा. त्यावर फार बोलत नाही, म्हातारा स्वतःपुरतं मागतोय असं म्हणाल. पण तुमच्या घराची कडी कोणी वाजवली, आणि तुम्हाला त्या माणसाचं तोंडही बघायचं नसलं, तरी त्याला काय विचारायचंय तेवढं ऐकून घ्या. तो कितीतरी दारं फिरून आलेला असतो, आणि त्याचं उत्तर जगात फक्त तुमच्याच घरात असू शकतं.